निवडणूक महापालिकेची, मग पाण्यावर कुणी का बोलत नाही?

हर्सूलकर

मी छत्रपती संभाजीनगरचा. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान आहे, त्यात आमचीही आहे. परवा संध्याकाळी आमच्या गल्लीत नळ आले. इथे नळ येणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांचा गॅप असतो. सध्या जरा बरं आहे, पण रोज पाणी इथल्या तरुण पोरांनी पाहिलेलंच नाही. नळ आले की हातातलं काम टाकून आधी मोटार लावायची, हौद भरायचा, मग ड्रम, मग बादल्या, शेवटी घरातली पातेलीसुद्धा.

ही धावपळ चालू असतानाच एका उमेदवाराची पदयात्रा आली. शेजारच्या काकूंनी हातातला पाइप न सोडता विचारलं, "नवीन लाइन आमच्या टाकीला कधी जोडणार?" उमेदवाराने हात जोडले. उत्तर बरोबरच्या कार्यकर्त्याने दिलं, "काकू, यावेळची निवडणूक साधी नाही. देश कुणाच्या हातात राहणार, त्याची आहे." आणि पदयात्रा पुढे गेली. हातात दिलेलं पत्रक मी नीट वाचलं. वर दिल्लीचे नेते, खाली मुंबईचे नेते, मधे उमेदवार. आतल्या पानावर सीमा, दहशतवाद, धर्म आणि मागच्या सरकारांचे घोटाळे. पाण्यावर एकच ओळ, "मुबलक पाणीपुरवठा". जलकुंभ कुठला, वाहिनी कुठपर्यंत आली, पैसे कुणी भरायचे, काही नाही. बाकीच्या पक्षांची पत्रकंही जमवली. चेहरे बदलतात, मजकुराचा बाज तोच.

आमच्या शहराला हे नवं नाही. महापालिका १९८२ ची, पहिली निवडणूक १९८८ ची, आणि त्या पहिल्याच निवडणुकीपासून इथे "खान की बाण", म्हणजे मुस्लिम उमेदवार की शिवसेनेचा धनुष्यबाण, हेच चालत आलंय. शहराचं नाव हा दर निवडणुकीचा मुद्दा. नाव २०२३ मध्ये बदललं, केंद्राची मान्यताही आली. ज्यांना ते हवं होतं त्यांचा आनंद खरा होता आणि ज्यांना नको होतं त्यांचं दुःखही खरं होतं. पण या सगळ्या वर्षांत पैठणहून येणाऱ्या जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या वाहिन्या फुटतच राहिल्या. समांतर जलवाहिनीचा खाजगी कंपनीबरोबरचा करार २०१६ मध्ये रद्द झाला. मग १,६८० कोटींची नवी योजना आली, ती २,७४० कोटींवर गेली. काम राज्याच्या जीवन प्राधिकरणाकडे, देखरेख उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे, मुदती एकामागून एक उलटलेल्या. जायकवाडी धरण भरून दरवाजे उघडायची वेळ येते आणि शहर टँकरची वाट बघत असतं.

लोक म्हणतात मतदारच तसला, त्याला भावनिक मुद्देच लागतात. मला हे पटत नाही. काकूंनी प्रश्न बरोबर विचारला होता. ही निवडणूक स्थानिक राहूच नये अशी तिची मांडणी होऊन बसली आहे. २०१५ ला आमचे वॉर्ड एकसदस्यीय होते. एक वॉर्ड, एक नगरसेवक, पाणी नाही आलं तर त्याच्या दारात जायचं. एप्रिल २०२० ला मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. पूर्ण पाच वर्षांची टर्म लोकप्रतिनिधींविना गेली. आता चारसदस्यीय प्रभाग. अ, ब, क, ड चार जागा, चार वेळा बटण. चौघांची नावं, कामं, भूमिका लक्षात ठेवणार कोण? माणूस चिन्ह शोधतो आणि चारदा तेच दाबतो. चिन्हावरच मत पडणार असेल तर प्रचारही चिन्हाचाच होणार, आणि चिन्ह देशाचं आहे.

तुमच्या शहरात काय चाललंय? आणि आहे त्या चौकटीत प्रचार जमिनीवर कसा आणायचा, यावर सुचत असेल ते लिहा.

रंकाळा

कोल्हापूर. आमची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली. म्हणजे आम्ही बी त्याच रांगेत. वाचतोय, सवडीनं लिहितो.

माहीमकर

मुंबईत निदान प्रभाग एकसदस्यीय आहेत, २२७ जागा, २२७ नगरसेवक. तरीही प्रचार बघा. महापौर मराठी होणार का, हिंदू होणार का, अमुक झाला तर मुंबईचं काय होईल, चर्चा याच्यापलीकडे जात नाही. मुंबईच्या महापौराला कायद्याने अधिकार किती, हे एकाही सभेत सांगितलं जात नाही. तो सभागृह चालवतो. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौरपद कोणत्या प्रवर्गाला जाणार याची सोडतही अजून निघालेली नाही. ज्या खुर्चीवरून एवढं रान पेटलंय तिच्यावर कुणाला बसता येईल हेच अजून ठरायचंय.

तिकडे २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. मार्च २०२२ पासून दर वर्षी प्रशासकाने मांडला, प्रशासकानेच मंजूर केला. स्थायी समितीत त्यावर एकही प्रश्न झाला नाही, कारण समितीच नव्हती. या चार वर्षांत काय मंजूर झालं ते उघडून बघू, असं म्हणणारा उमेदवार मी शोधतो आहे. पक्ष कुठलाही चालेल.

मराठी माणसाचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. गिरणगावातून माणसं बदलापूर-विरारला गेली, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. पण तो प्रश्न घराच्या भाड्याचा, पुनर्विकासाचा, पालिकेच्या शाळांचा आहे, आणि तिथे बोलायला कुणी थांबत नाही.

स्पष्टवक्ता

हर्सूलकर, तुमची कळकळ समजते, पण थोडं वेगळं बोलतो. मी एका राष्ट्रीय पक्षाचा समर्थक आहे, लपवत नाही. तुमच्याच योजनेचा हिशेब घ्या. २,७४० कोटींत केंद्राचा वाटा २५ टक्के, राज्याचा ४५, महापालिकेचा ३०. म्हणजे सत्तर टक्के पैसा वरून येतो. महापालिकेच्या वाट्याचे ८२२ कोटीही तिला झेपले नाहीत, त्यासाठीही राज्याकडेच जावं लागलं. अशा वेळी मतदार "वरचं आणि खालचं सरकार एका विचाराचं असावं" म्हणत असेल तर तो भाबडेपणा कसा? तो व्यवहार आहे. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, जीएसटीच्या भरपाईवर महापालिका चालतात. दिल्ली-मुंबईचं नाव प्रचारात येणारच.

आणि राष्ट्रीय भावना असणं यात कमीपणा नाही. सैनिकाचा बाप नगरसेवक निवडतानाही सैनिकाचा बापच असतो.

हर्सूलकर

स्पष्टवक्ता, आकडे बरोबर दिलेत, आभार. पैसा वरून येतो हे मान्य. पण मग पत्रकावर हेच लिहा ना, की आमची वर ओळख आहे, उरलेले पैसे अमुक महिन्यात आणू. तेही कुणी लिहीत नाही. वरचं-खालचं सरकार एक असण्याचा काळही आम्ही पाहिला आहे आणि नसण्याचाही. २०१८ ची कचराकोंडी आठवा. नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहर महिनोन् महिने कचऱ्यात बुडालं. केंद्रात, राज्यात आणि महापालिकेत तेव्हा युतीच होती.

सैनिकाच्या बापाबद्दल म्हणाल तर त्याच्याही घरी टँकरच येतो. त्याची देशभक्ती मोठी आहे म्हणूनच त्याला पाणी देताना तिचा आडोसा करू नये, इतकंच माझं म्हणणं.

मुळामुठा

पुण्याची भर घालतो, कारण इथे या दुर्लक्षाची किंमत आजारपणाने मोजली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडू लागले. गिया बारे सिंड्रोम. पाय लुळे पडायचे, काहींना थेट व्हेंटिलेटर. बहुतेक रुग्ण ज्या भागातले, तिथलं पाणी नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीतून यायचं. ते शुद्धीकरण केंद्रातून जात नव्हतं, नुसतं क्लोरीन टाकून सोडलं जात होतं. धरण हाकेच्या अंतरावर, गावं महापालिकेत आलेली, कर लागू, आणि पाणी विहिरीचं. ११ गावं २०१७ ला आली, २३ गावं २०२१ ला. त्या २३ गावांना आजपर्यंत एकही नगरसेवक मिळालेला नाही, कारण मार्च २०२२ ला मुदतच संपली. ग्रामपंचायत गेली आणि महापालिकेत माणूस नाही. साथ आली तेव्हा लोकांनी दार ठोठवायचं कुणाचं?

त्याला अजून वर्ष झालेलं नाही आणि प्रचारातून विहीर गायब आहे. मी सभा ऐकतोय. कोण कुणाबरोबर गेलं, कुणी कुणाच्या पाठीत खंजीर खुपसला, दादा काय म्हणाले, देवाभाऊ काय म्हणाले.

प्रभागाबद्दल हर्सूलकरांशी सहमत. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, मग तीनचा ठरला आणि परत चारचा. दर वेळी राज्यात जो सत्तेवर असेल त्याच्या सोयीने. आता एका प्रभागात पाऊण लाखाहून जास्त लोकसंख्या, तीही २०११ च्या जनगणनेची. एवढ्या प्रभागात अपक्षाने घरोघरी पोहोचायचं कसं? चार जणांचं पॅनेल, बूथची यंत्रणा, गाड्या, माणसं हे सगळं पक्षाकडेच असतं.

अजून एक गोष्ट फार कमी बोलली जाते. पक्षांतरबंदी नगरसेवकालाही लागू आहे, १९८६ च्या राज्याच्या कायद्याने. निवडून आल्यावर गटाची नोंदणी होते, गटनेता व्हिप काढतो, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा आदेश. समजा तुमच्या प्रभागातल्या टेकडीवरून रस्ता न्यायचा ठराव आला आणि पक्षाने व्हिप काढला, तर तुमचा नगरसेवक विरोधात हात वर करू शकत नाही, केला तर पद जाऊ शकतं. म्हणून मी उमेदवाराला एकच विचारतो, "पक्ष आणि प्रभाग समोरासमोर आले तर?" आतापर्यंत एकानेही सरळ उत्तर दिलेलं नाही. एकजण मात्र थांबून म्हणाला, "काका, खरं सांगू का, मला तिकीट तुम्ही दिलेलं नाही." मला त्याचं वाईट वाटलं.

मांडवी

गोव्यातून. आमच्याकडे नगरपालिका आणि पणजी महापालिका पक्षचिन्हाविना लढवतात. ग्रामपंचायतीही. जिल्हा पंचायत तेवढी चिन्हावर. त्यामुळे "चिन्हं काढून टाका" हा उपाय कुणी सुचवणार असेल तर आमचा अनुभव आधीच सांगते. चिन्ह गेलं तरी पॅनेल राहतं, आणि पॅनेल आमदाराचं असतं. पालिकेची निवडणूक म्हणजे त्या आमदाराची पुढच्या विधानसभेची तालीम होऊन बसते.

एक फरक मात्र खरा आहे. इथले वॉर्ड इतके लहान की उमेदवार घरातला वाटतो. गटार, बाजार, पार्किंग, मडगावच्या सोनसडोचा कचरा यावर भांडणं होतात आणि नावानिशी होतात. देशाचं राजकारण दारापर्यंत येतं, उंबरठा ओलांडून फारसं आत येत नाही. श्रेय मी चिन्ह नसण्यापेक्षा वॉर्डाच्या आकाराला देईन.

रंकाळा

मांडवीताई, अगदी बरोबर. कोल्हापूरला आधी आघाड्याच असायच्या, पक्षाची चिन्हं नंतर आली. तेव्हा काय सगळं सोनं होतं असं नाही. महापौरपदाचे तुकडे करून वाटणी व्हायची, काही महिन्यांला नवा महापौर. शहराची हद्द महापालिका झाली १९७२ ला, तेव्हापासून आहे तिथंच आहे. आघाडी असू दे नाहीतर पक्ष, हद्दवाढीवर ठाम कुणीच बोललं नाही.

पण एक होतं. थेट पाइपलाइनवर प्रत्येक निवडणुकीत झक्कास भांडण व्हायचं. काळम्मावाडी धरणाचं पाणी कोण आणणार, कुणी अडवलं, कुणाच्या काळात पैसे आले. वर्षानुवर्षं तोच मुद्दा राहिला आणि २०२३ ला पाणी आलं. वेळ लागला, पण भांडण पाण्याचंच होतं. पेठेतल्या तालमीत बसून लोक उमेदवाराला पाइपाचा व्यास विचारायचे. ते टिकवायला पाहिजे.

वसुंधरा_सिडको

हर्सूलकरदादा, मी पण संभाजीनगरचीच. इथली चर्चा वाचून एकच सांगावंसं वाटतं. पाण्याचा विषय प्रचारात येत नाही, कारण तो बायकांच्या वाट्याचा धरला जातो. पाणी रात्री दोनला आलं तर उठतं कोण? नोकरीवरून अर्धी रजा टाकतं कोण? आमच्या लाइनीत पाणी यायच्या दिवशी धुणेवालीला बोलवायचं, पाहुण्यांना नको म्हणायचं, सगळं वेळापत्रक पाण्यावर. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, पण पत्रकावर उमेदवार बाईंच्या नावाखाली नवऱ्याचा मोबाईल नंबर. मी त्या नंबरवर फोन केला आणि ताईंनाच फोन द्या म्हणाले. दिला. ताई पाण्यावर माझ्याशी बराच वेळ बोलल्या. त्यांना कोणत्या गल्लीत प्रेशर कमी आहे तेसुद्धा पाठ होतं. सभेत का बोलत नाही विचारलं तर म्हणाल्या, "माईक माझ्याकडे येतो तेव्हा नेत्यांची गाडी आलेली असते."

पहिलंमत

मीही संभाजीनगरचा, २६ वर्षांचा. विधानसभा, लोकसभा दोन्हींना मतदान केलंय, नगरसेवकासाठी पहिल्यांदाच करणार. २०१५ नंतर १८ पूर्ण झालेले आम्ही सगळे असेच. नगरसेवक नेमकं काय करतो हेच आम्हाला माहीत नाही. त्यामुळे टीव्हीवर जे चालतं त्यावरच मत ठरतं. कुणी सांगेल का, नगरसेवकाच्या हातात खरंच काय असतं?

मुळामुठा

दादा, चांगला प्रश्न. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात १८ विषय दिले. पाणी, घनकचरा, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, उद्यानं वगैरे. ते राज्याने शहराकडे सोपवायचे होते, अर्धेमुर्धेच सोपवले. तरी नगरसेवकाच्या हातात तीन गोष्टी उरतात. अर्थसंकल्पात प्रभागाची कामं घालून घेणं, स्थायी समितीत निविदांवर प्रश्न विचारणं, आणि प्रभाग समितीत अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर जाब विचारणं. तिसरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक. पुण्यात नागरिकांना स्वतःही अर्थसंकल्पात कामं सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. ती भरवली मात्र जात नाही. उमेदवाराला विचार, क्षेत्रसभा घेणार का.

टेम्सकाठ

मी इंग्लंडात स्लाउला राहतो. राष्ट्रकुल देशांचे नागरिक म्हणून आम्हा भारतीयांना इथल्या कौन्सिलला मत देता येतं, म्हणून लिहितो.

इथेही हेच दुखणं आहे. मे २०२५ च्या कौन्सिल निवडणुकांत रिफॉर्म यूके पक्षाने ६७७ जागा आणि दहा कौन्सिल जिंकल्या. प्रचार छोट्या बोटींतून येणाऱ्या स्थलांतरितांवर. सीमा सांभाळणं कौन्सिलच्या हातात अजिबात नाही. तिचा मोठा पैसा वृद्धांच्या आणि मुलांच्या देखभालीवर जातो, निवडून आलेल्यांना पहिल्या दिवसापासून ते बघावं लागलं.

पण उलटं उदाहरणही आमच्याच गावचं आहे. २०२१ ला स्लाउ कौन्सिलने पैसे संपल्याची अधिकृत नोटीस काढली. सत्ता लेबरची होती. मे २०२३ ला देशभरात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने हजारावर जागा गमावल्या, आणि स्लाउमध्ये मात्र त्यांच्या जागा वाढल्या, लेबरची सत्ता गेली. लोकांनी देशाचा राग एका बाजूला ठेवून गावाचा हिशेब केला. का जमलं? माझ्या मते, कर किती वाढणार आणि कोणत्या सेवा बंद होणार हे प्रत्येक घराच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलावर दिसत होतं. बिल हातात असलेल्या माणसाला दुसरीकडे वळवणं अवघड असतं.

हर्सूलकर

टेम्सकाठ, हे फार कामाचं. आमच्याकडे २०२२ मध्ये पाणीपट्टी निम्मी झाली ती पालकमंत्र्यांच्या घोषणेने. सभागृह नव्हतंच. किती महसूल बुडाला, तो कुठून भरला, त्यावर कुणी मत दिलं नाही आणि कुणी प्रश्नही विचारला नाही. बिल कमी झालं म्हणून लोक खूश होते, पण ८२२ कोटींचा वाटा भरायची वेळ आली तेव्हा तिजोरीत काही नव्हतं. या दोन गोष्टींचा संबंध कुणीतरी जाहीर सभेत लावून दाखवायला हवा होता.

स्पष्टवक्ता

हर्सूलकर, तुमच्या उत्तरानंतर मी गप्प बसलो नाही. तुमच्या शहरातल्या आमच्या पक्षाच्या एका उमेदवाराला ओळखतो, त्यांना फोन लावला. नाव इथे देत नाही. काकूंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांना सगळं ठाऊक आहे. योजनेत ५३ जलकुंभ आहेत. मुख्य २,५०० मिलिमीटरची वाहिनी झाली तरी सुमारे १,९०० किलोमीटरचं अंतर्गत जाळं आहे, ते जोडल्याशिवाय नळाला रोज पाणी येणार नाही. म्हणजे उद्घाटन झालं तरी काही भागांना थांबावंच लागेल. मी म्हटलं, हेच सभेत सांगा. ते म्हणाले, "हे सांगितलं तर विरोधक म्हणतील, बघा, हेच कबूल करतायत. आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं तिकीट, देणाऱ्यांना आवडणार नाही ते वेगळंच."

माझं मत अजूनही माझ्या पक्षालाच जाईल. पण ज्याला जाळ्याचे किलोमीटर पाठ आहेत त्याला ते बोलायची भीती वाटते, हे मला खटकलं. मी त्यांना सोसायटीच्या बैठकीत, माईकविना, हे सांगायला राजी केलंय.

वसुंधरा_सिडको

कोणत्या सोसायटीत? आमच्या प्रभागात असेल तर आम्ही दहा-बारा जणी येतो. आणि दुसऱ्या पॅनेलच्या ताईंनाही बोलवा, मी त्यांना फोन करते.

हर्सूलकर

दोघांनाही बोलवू, प्रभागातल्या बाकी उमेदवारांनाही. स्पष्टवक्ता, तुम्ही त्यांच्याकडून वेळ घ्या. खुर्च्या आणि जागा माझ्याकडे. विचारायचं तेवढं आधी ठरवून ठेवू: आपल्या भागाचा जलकुंभ कोणता, त्याच्यापासून आपल्या गल्लीपर्यंतची वाहिनी टाकून झाली का, नसेल तर ते काम कोणत्या टप्प्यात आहे, आणि पहिल्या सभागृहात यावर लेखी प्रश्न टाकणार का. उत्तरं सगळ्यांसमोर वहीत लिहून घेऊ आणि खाली उमेदवारांच्या सह्या घेऊ. नळ यायचा दिवस तेवढा सोडून कुठलाही चालेल, त्या दिवशी कुणीच घराबाहेर पडणार नाही.

पहिलंमत

मी पण येतो. वही मी आणतो.